ताई, मास्क डझनावर घेऊ नका

या वेळचं पत्र गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत स्टोअर आणि परचेस बघणाऱ्या ताईंचं आहे. नाव छापू नका म्हणाल्यात, त्यामुळं नाव नाही. पत्र जरा कापून देतोय. नवख्यांसाठी एवढंच, फौंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना, मोल्डिंग म्हणजे वाळूचे साचे करणं, नॉकआउट म्हणजे साचा फोडून कास्टिंग (ओतलेला भाग) बाहेर काढणं आणि फेटलिंग म्हणजे ते ग्राइंडरनं घासून साफ करणं.

"सर नमस्कार. आमच्याकडं ३८ माणसं आहेत, मोल्डिंग, नॉकआउट, फेटलिंग आणि शेवटी पेंटिंग. मागच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट झालं त्यात माणसांच्या तोंडाला मास्क नाही असा पॉइंट निघाला. शेठ म्हणाले चार डझन मास्क आणून टाक. दुकानात गेले तर त्यानं चार प्रकार पुढं ठेवले, एक निळा दवाखान्यातला, एक कानात अडकवायचा एन९५, एक पुढं प्लास्टिकचं बटण असलेला आणि एक रबराचा दोन डबे लावलेला. भाव १२ रुपयांपासून सुरू. सगळ्यांना एकच कुठला घेऊ? आणि घेतला तरी माणसं घालतील असं वाटत नाही, घुसमटतंय म्हणतात आणि टॉवेलच बांधतात. एक मास्क धुऊन किती दिवस चालतो? अजून एक, माझे वडील २६ वर्षं फेटलिंगलाच होते, आता दोन जिने चढले की बसतात. डॉक्टर दमा म्हणतात."

ताई, वडिलांचं शेवटी बोलू, पण खरं सांगतो ती शेवटची ओळ वाचूनच तुमचं पत्र वर काढलं.

आधी मास्कचं. सगळ्यांना एकच कुठला, तर कुठलाच नाही. तुमच्या एका शेडमध्ये चार वेगवेगळ्या हवा आहेत आणि तुम्ही त्या चारींना एक झाकण शोधताय. शेठनी सांगितलं म्हणून तुम्ही चार डझन आणाल, ऑडिटचा पॉइंट बंद होईल, फोटो निघेल, आणि पुढच्या आठवड्यात ते मास्क ग्राइंडरच्या खिळ्याला लटकलेले दिसतील. मी २० वर्षं सेफ्टीत काढली, हे लटकलेले मास्क इतके बघितलेत की काय सांगायचं.

आधी स्टोअरमधनं उठा आणि शेडमध्ये एक चक्कर मारा, शक्यतो सेकंड शिफ्टला अंधार पडल्यावर. सोबत चांगला टॉर्च घ्या. फेटलिंगच्या जवळचे लाईट मिनिटभर बंद करायला सांगा (ग्राइंडर आधी थांबवून बाजूला ठेवायला लावा हं, नाहीतर दुसरीच भानगड व्हायची) आणि धुळीच्या पलीकडनं कुणाला तरी टॉर्च तुमच्या दिशेनं पण डोळ्यात न मारता धरायला सांगा. उजेडात जी हवा स्वच्छ वाटत होती तिच्यात काय तरंगतंय ते तेव्हा दिसेल. शेठना पण दाखवा. माझ्या दहा लेक्चरनी जे झालं नाही ते त्या एका टॉर्चनं झालेलं मी बघितलंय.

दिसणारी जाड धूळ नाकात, घशात अडकते, खाकरून बाहेर पडते. खरा वैरी बारीक आहे. पाच मायक्रॉनच्या खालची जी असते ती थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जाते, आपला केसच साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आता अंदाज करा. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, कास्टिंगला चिकटून भाजलेली ती वाळू ग्राइंडरखाली फुटते, पावडर होते, आणि ही पावडर फुप्फुसात बसली की तिथं व्रण पडून ती जागा कडक होते. सिलिकोसिस म्हणतात त्याला. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, औषध नाही त्याला, आणि काम सोडलं तरी आजार पुढं सरकत राहू शकतो. टीबी व्हायची शक्यता वाढते ती वेगळी. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं ही धूळ कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकली. अमेरिकेनं २०१६ मध्ये आठ तासांच्या शिफ्टसाठी मर्यादा आणली ती एका घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम. साखरेचा एक दाणा सुद्धा त्याच्यापेक्षा कितीतरी जड असतोय.

म्हणून टॉवेल बाद. टॉवेलच्या विणीतनं ही धूळ अशी जाते की जसं काही दारच उघडं आहे. ओला केला तरी बाद. निळा दवाखान्यातला पण बाद, तो डॉक्टरची थुंकी पेशंटवर उडू नये म्हणून असतो, बाजूनं पूर्ण उघडा, धुळीसाठी तो बनवलेलाच नाही. १२ रुपयांचा विषय इथं संपला.

आता कानात अडकवायचा एन९५. ह्याच्यात सगळ्यात जास्त फसवणूक आहे. एन९५ हे अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं नाव, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे पकडायला सगळ्यात अवघड असलेले कण किमान ९५ टक्के अडवले पाहिजेत असा त्याचा अर्थ. त्यांच्या मंजुरीच्या मास्कवर टीसी-८४ए नं सुरू होणारा नंबर छापलेला असतो आणि त्याला डोक्यामागनं जाणारे दोन पट्टे असतात. कानातला लूप दिसला आणि वर एन९५ लिहिलेलं असलं की मी तरी तो परत ठेवतो. आपल्याकडचं स्टँडर्ड आहे आयएस ९४७३, त्यात एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ असे तीन वर्ग येतात, पहिले दोन साधारण ८० आणि ९४ टक्के, तिसरा त्याच्याही वर. मास्कवर आयएसआय मार्क आणि खाली सीएम/एल नंबर (म्हणजे परवान्याचा नंबर) बघा, आणि दुकानात उभं राहूनच भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाका. दुकानदार जरा तोंड वाकडं करेल, करू दे.

पुढचं प्लास्टिकचं बटण म्हणजे श्वास बाहेर सोडायची झडप. कोरोनात तिला लोकांनी शिव्या घातल्या कारण बाहेर सोडलेली हवा न गाळता जाते, पण तुमच्या माणसाला धुळीपासून वाचवायचंय, दुसऱ्याला त्याच्यापासून नाही, त्यामुळं फौंड्रीत झडप चांगलीच. आतला दमटपणा आणि गरमी कमी होते, माणूस जास्त वेळ घालून राहतो.

मग कुणाला काय? मोल्डिंगला, वाळू मिक्सरवर, झाडलोटीला एफएफपी२ किंवा खरा एन९५, झडपेचा. नॉकआउट आणि फेटलिंगला मी त्याच्यावर थांबणार नाही. तिथं रबराचा अर्धा चेहरा झाकणारा मास्क आणि त्याला गुलाबी-जांभळट गोल पी१०० फिल्टर, ते ९९.९७ टक्के अडवतात. पहिल्यांदा महाग वाटतो पण रबराचा भाग वर्षानुवर्षं टिकतो, धुता येतो, फक्त फिल्टर बदलायचे, आणि रोज डिस्पोजेबल फेकण्यापेक्षा हिशोब बहुतेक वेळा बरोबरीत येतो. हा हिशोब करून शेठपुढं कागद ठेवा, शेठ लोकांना कागदावरचा आकडा लवकर पटतो.

पण एक लक्षात घ्या, अर्ध्या चेहऱ्याचा कुठलाही मास्क, डिस्पोजेबल असो की रबरी, नीट बसला तर धूळ दहा पटीनं कमी करतो असं धरायचं असतं. फिल्टर ९९.९७ टक्के असला तरी दहाच पट, कारण गळती फिल्टरमधनं नसते, कडेनं असते. म्हणजे हवेतली धूळ मर्यादेच्या वीस पट असेल तर मास्क घालूनही माणूस मर्यादेच्या दुप्पट धूळ ओढतोय. म्हणून एकदा हवेचं सॅम्पलिंग करून घ्या. बंद खोलीत हातानं शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून कास्टिंग साफ करणं) करत असाल (तुम्ही लिहिलं नाही, पण असलं तर) तर तिथं बाहेरनं शुद्ध हवा देणारं हेल्मेटच लागतं, अर्धा मास्क तिथं खेळणं आहे. आणि त्या हेल्मेटला शॉपच्या कंप्रेसरची तेलकट हवा तशीच जोडायची नाही.

पेंटिंगचं माझ्या एका चुकीवरनं सांगतो. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षातली गोष्ट, एका कारखान्यात मी पेंटिंगच्या दोन पोरांना चांगले भारीतले धुळीचे मास्क दिले आणि खूश झालो. आठवड्यानं पोरं म्हणाली सर डोकं दुखतंय, संध्याकाळी जेवण जात नाही. मी म्हणालो घालताय ना रोज? घालत होती बिचारी. थिनरची वाफ म्हणजे वायू, तो धुळीच्या फिल्टरमधनं आरपार जातो, त्याला कोळशाची कार्ट्रिज (रबरी मास्कला लावायचा डबा) लागते, हे मला ठाऊक नव्हतं. सेफ्टीचा माणूस मी! अजून लाज वाटते.

तर पेंटिंगला रबरी मास्क, ऑरगॅनिक व्हेपरची (म्हणजे थिनरसारख्या वाफेची) कार्ट्रिज, आणि स्प्रे असेल तर तिच्यावर धुळीचा प्रीफिल्टर पण, कारण स्प्रेमध्ये वाफ आणि थेंब दोन्ही असतात. रंग बघून कार्ट्रिज घेऊ नका. अमेरिकन पद्धतीत ऑरगॅनिक काळी असते, युरोपियन पद्धतीत तपकिरी. अमेरिकन पांढरी म्हणजे ॲसिड गॅस, युरोपियन पांढरी म्हणजे धूळ! आपल्या बाजारात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दुकानातला पोरगा "तीच ती हो मॅडम" म्हणून देतो. लेबल वाचायचं. आणि रंगाच्या, थिनरच्या, कोअर शॉपमध्ये (साच्याच्या आतले वाळूचे गाभे करतात तिथं) केमिकल असेल तर त्याच्या पण सप्लायरकडनं एसडीएस, म्हणजे त्या मालाच्या सुरक्षेचा माहितीकागद, मागवा, त्यातला आठवा भाग उघडा, तिथं काय घालायचं ते लिहिलेलं असतंय. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारत असाल तर हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो, तिथं कार्ट्रिजच्या भरवशावर न राहता बाहेरनं हवा देणाऱ्या सेटचंच बघा.

कार्ट्रिज कधी बदलायची हे नाकावर सोडू नका. वास यायला लागला म्हणजे ती कधीच भरलीय. पाकीट फोडल्याची तारीख मार्करनं तिच्यावरच लिहा, किती तास वापरायची हे कंपनीला विचारून ठरवा, आणि रात्री झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा. उघडी टेबलावर ठेवली की ती रात्रभर बिनकामाची थिनर पीत बसते, सकाळी माणूस भरलेली कार्ट्रिज तोंडाला लावतो.

भट्टीजवळ आणि ओतकामाजवळ कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि यातला कुठलाच मास्क त्याला अडवत नाही. तिथं हवा खेळती ठेवणं एवढंच. तसंच वाळूच्या सायलोत, टाकीत, पिटात मास्क घालून कुणी उतरायचं नाही. मास्क ऑक्सिजन तयार करत नाही, हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की भारीतला भारी फिल्टर पण शोभेचा.

आता माणसं घालत नाहीत त्याचं. घुसमटतंय म्हणतात ते खोटं नाही हो. एप्रिलमध्ये भट्टीशेजारी तोंडाला रबर बांधून उभं राहून बघा एकदा. पण मी बघितलंय त्यात निम्म्या घुसमटीचं कारण चुकीचं माप किंवा भरलेला फिल्टर असतं. रबरी मास्क लहान, मध्यम, मोठा अशा मापात येतात आणि दुकानदार सगळ्यांना मध्यम देतो. आपली कोल्हापुरी चप्पल पहिले आठ दिवस चावते आणि मग पायाला बसते, मास्कचं तसं नाही, पहिल्या दिवशी चावला तर तो आठ महिन्यांनी पण चावणार. म्हणून डझनावर घेऊ नका म्हणतोय, आधी तिन्ही मापं दोन-दोन आणा, माणसांच्या तोंडाला लावून बघा, मग आकडा ठरवा.

घालायचा कसा हे पण शिकवावं लागतं. वरचा पट्टा डोक्याच्या मागं वर, खालचा कानाखालनं मानेवर. बरीच पोरं खालचा पट्टा कापूनच टाकतात, सोपं पडतं म्हणून, मग हनुवटीखाली खिडकी उघडी. डिस्पोजेबल असेल तर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, एका हातानं चिमटा काढला की मधे टोक येतं आणि तिथनं गळती. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून बिनझडपेचा असेल तर जोरात फुंकर मारायची, झडपेचा असेल तर जोरात श्वास आत ओढायचा, कडेनं वारा लागला की परत बसवायचा. रबरीला फिल्टर तळव्यांनी झाकून श्वास आत ओढायचा, मास्क तोंडाकडं ओढला जाऊन दहा सेकंद तसाच राहिला पाहिजे. हे रोज, प्रत्येक वेळी घालताना, फार तर अर्ध्या मिनिटाचं काम. शिवाय वर्षातनं एकदा खरी फिट टेस्ट, डोक्यावर हूड घालून सॅकरिनचा गोड किंवा बिट्रेक्सचा कडू फवारा मारतात आणि मान हलवायला, वाकायला, बोलायला लावतात, चव लागली की मास्क गळतोय. ज्याच्याकडनं रबरी मास्क घ्याल त्याला आधीच अट घाला की फिट टेस्ट करून दे, ऑर्डर मोठी असली की येतात.

दाढी. मिशी चालते, मास्कच्या कडेखाली येत नसेल तर. दाढीवर कुठलाच घट्ट बसणारा मास्क बसत नाही, दोन दिवसांची खुरटी असली तरी. आणि इथं आपला श्रावण येतो! महिनाभर निम्मं फेटलिंग दाढी राखून, आणि सुपरवायझर खूश की सगळ्यांनी मास्क घातलेत. श्रद्धेचा विषय आहे, मी कुणाला दाढी काढ म्हणत नाही, जे राखणार आहेत त्यांना तेवढा महिना धुळीपासून लांबचं काम द्या, किंवा बॅटरीवर चालणारा पंखा असलेलं सैल हूड मिळतं ते एखाद-दुसरं घ्या, त्याला दाढी चालते. महाग आहे, पण बारा महिने दाढी ठेवणारे असतील तर दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

आणि एक कारण कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. मास्क खाली येतो तो थुंकायला. तोंडात मावा असला की दर पाच मिनिटांनी मास्क गळ्यात, आणि वाळूचे हात परत मास्कच्या आतल्या बाजूला. मी एका ठिकाणी दर दोन तासांनी दहा मिनिटं सुट्टी चालू करायला लावली, हात धुवायचे, तोंड धुवायचं, ज्याला जे खायचं ते शेडच्या बाहेर, मास्क तेवढा वेळ डब्यात. मावा सुटला नाही कुणाचा, पण मास्क तोंडावर राहायला लागला. तुमच्याकडं फेटलिंग ठेकेदाराला किलोच्या रेटवर दिलं असेल तर ही सुट्टी त्याच्या रेटमध्ये धरायला लागेल, नाहीतर माणूस घेणारच नाही. आणि ३८ मध्ये ठेकेदाराची माणसं धरलीत ना? नसतील तर धरा, धूळ हजेरी बघून नाकात जात नाही.

धुण्याचं, तर डिस्पोजेबल अजिबात धुवायचा नाही. त्याच्या थरांवर विजेचा भार असतो, तोच बारीक कण ओढून धरतो, साबण लागला की भार गेला, मास्क दिसायला नवा आणि कामाला टॉवेल. फेटलिंगला नाइलाजानं डिस्पोजेबल द्यायचा झाला तर शिफ्टला एक, घामानं भिजला किंवा श्वास जड झाला की त्याच्या आधीच बदलायचा. रबरीचे फिल्टर काढून बाकीचा भाग कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, प्रत्येकाच्या नावाचा झाकणाचा डबा द्या. जेवणाचा रिकामा डबा पण चालेल. उलटा करून बाकावर ठेवलेल्या मास्कमध्ये धूळ साठते आणि तीच माणूस पहिल्या श्वासात ओढतो. फुकायला एअरगन तर नकोच, मास्कवर पण नको आणि अंगावरच्या कपड्यांवर पण नको, सुट्टीच्या वेळी कपडे झटकायला एअर मारतात ना, दिवसभराच्या कामाची धूळ ती एका मिनिटात नाकासमोर आणतात. ते आजच बंद करा, त्याला पैसे लागत नाहीत. झाडू पण कोरडा नको, पाणी शिंपडून किंवा व्हॅक्यूमनं.

शेठना हे पण सांगा की मास्क सगळ्यात शेवटचा नंबर आहे. ग्राइंडरच्या तोंडाशी धूळ ओढणारं हूड आणि डक्ट बसलं की ३८ माणसांच्या शिस्तीवर अवलंबून राहायची गरज निम्मी होते. सिलिकोसिस कायद्यानं कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, म्हणजे निघाला तर तो सेफ्टी हेल्थ संचालनालयाला कळवावा लागतो, त्यापेक्षा डक्ट स्वस्त.

आता तुमचे वडील. मी डॉक्टर नाही, त्यामुळं दमा नाही असं मी म्हणणार नाही, असेलही. पण २६ वर्षं फेटलिंग केलेला माणूस दम लागतो म्हणून जातो तेव्हा डॉक्टरांना त्याचं काम माहीत पाहिजे, आणि बरेचदा कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही, "कंपनीत होतो" एवढंच सांगतो. कंपनीत तर ऑफिसचा कारकून पण असतो. एका कागदावर लिहून न्या, किती साल ते किती साल, कुठलं काम, शेड बंद होतं का उघडं, तोंडाला काय बांधायचे. छातीच्या डॉक्टरांकडं जा, कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात गेलात तरी चालेल. एक्स-रे आणि फुंकर मारायची पीएफटी करायला सांगा, खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर बेडका टीबीसाठी तपासायला लावा. जुने एक्स-रे घरात कुठं असतील तर टाकू नका, डॉक्टरांना शेजारी लावून बघायला लागतात. बिडी असेल तर ती बंद. आणि त्यांचा जुना ईएसआयचा नंबर, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचे कागद ट्रंकेत असतील ते एका फाइलला लावा, व्यवसायामुळं झालेला आजार निघाला तर पहिला प्रश्न तिथं काम केल्याचा पुरावा काय हाच येतो, आणि तेव्हाचा मुकादम शोधत फिरायची वेळ येऊ नये. एक्स-रे झाला की मला कळवा.